हंगामी खुर्चीवरचे खालिद जमील

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुष संघाच्या नव्या मुख्य प्रशिक्षकाचं नाव जाहीर केलं. त्या एका जागेसाठी १७० अर्ज आले होते. बार्सिलोनाचा झावी आणि खुद्द पेप गार्डिओला यांच्या नावानेही ईमेल येऊन पडले होते. ते बनावट निघाले, पण तोवर बातमी जगभर फिरून आली होती आणि आपलं व्हायचं तेवढं हसं झालं होतं. छाननीनंतर तीन नावं उरली: यापूर्वी दोनदा भारताचं काम पाहिलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच आणि मुंबईचे खालिद जमील. निवड जमील यांची झाली.

गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांनी २०१२ मध्ये हे पद सोडलं, त्यानंतर या जागेवर बसलेले जमील हे पहिले भारतीय. मधली तेरा वर्षं ही जागा नेदरलँड्स, इंग्लंड, क्रोएशिया आणि स्पेनच्या माणसांकडे होती. जमील यांना ती मिळाली तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारताने बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी केली होती, हाँगकाँगकडून हार पत्करली होती, आणि स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ निघून गेले होते. घर पेटल्यावर भारतीय माणसाला हाक मारायची, ही आपल्या फुटबॉलची जुनी रीत. जमील यांची प्रशिक्षक म्हणून बहुतेक सगळी कारकीर्द अशा हाकांवरच उभी आहे.

त्यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला, पंजाबी कुटुंबातला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि मुलाचं फुटबॉल मुंबईत वाढलं. त्या काळी मुंबईचं फुटबॉल कंपन्यांच्या जिवावर चालायचं. महिंद्र, एअर इंडिया, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ अशी संघांची नावंच आस्थापनांची. चांगला खेळलास तर कंपनीत नोकरी, नोकरी टिकली तर घर चालणार आणि संध्याकाळी कूपरेजवर सामना. रोव्हर्स कप १८९१ पासून याच शहरात खेळला जात होता. आज फुटबॉल म्हटलं की कोलकाता, गोवा, केरळ आठवतं, पण एकेकाळी कूपरेजच्या लाकडी बाकांवर जागा मिळवायला धडपड करावी लागत असे.

जमील मधल्या फळीत खेळायचे. आधी महिंद्र, मग एअर इंडिया, २००२ पासून पुन्हा महिंद्र युनायटेड. १९९८ मध्ये त्यांनी भारताकडून पदार्पण केलं. खेळाडू म्हणून ते चांगले होते. थोर म्हणावेत असे नव्हते, आणि दुखापतींनी त्यांना फार छळलं. पूर्ण मोसम सलग खेळायला मिळण्यापेक्षा पायाला पट्टी बांधून बाजूला बसण्याचे दिवस जास्त वाट्याला आले. २००५-०६ मध्ये महिंद्रने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा ते त्या संघात होते. त्या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. साळगावकरचे आणि भारताचे जुने बचावपटू, गोव्याचे. स्वतः खेळून मग प्रशिक्षक झालेला भारतीय माणूस देशाचं विजेतेपद मिळवून देऊ शकतो, हे जमील यांनी आतून पाहिलं.

२००७ मध्ये मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला. जमील तिथे गेले, पण शरीर साथ देईना. २००९ मध्ये इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ गेले आणि क्लबने बत्तीस वर्षांच्या जमील यांना थेट मुख्य प्रशिक्षक केलं. ज्यांच्याबरोबर काल ड्रेसिंग रूममध्ये बूट बांधत होते, त्यांनाच आज संघातून वगळायचं होतं. फुटबॉलमध्ये खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा पहिली कसोटी लागते ती इथेच. चेंडूची समज दोघांनाही लागते, पण खेळाडूला स्वतःच्या नव्वद मिनिटांचा विचार करायचा असतो, प्रशिक्षकाला पंचवीस जणांच्या आठवड्याचा. कोणाचा स्नायू दुखावलाय, कोणाच्या घरी अडचण आहे, बाकावर बसवल्याचा राग कोण किती दिवस धरेल, हे सगळं त्याच्या डोक्यात हवं.

मुंबई एफसीत जमील सात वर्षं राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये, जिथे प्रशिक्षक दिवाळीला येतो आणि होळीला जातो, तिथे सात वर्षं म्हणजे एक युगच. या काळात संघाने विजेतेपद मिळवलं नाही, त्याच्या जवळपासही गेला नाही. मोठ्या क्लबांसारखा पैसा नव्हता, कूपरेजचं काम सुरू असताना घरचं मैदानही नव्हतं. दर मोसमाला एकच काम: आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च साखळीतून, खाली घसरायचं नाही. आणि दर मोसमाला ते काम झालं. नावाजलेल्या संघांना मुंबईशी खेळणं आवडत नसे. बचावाच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटून उभ्या, मधे चेंडू शिरायला फट नाही, आणि चेंडू हाती लागला की वेळ न दवडता सरळ पुढे. बघायला हा खेळ फार देखणा नव्हता. टीकाकार नाकं मुरडत राहिले. २०१६ मध्ये क्लबने जमील यांना निरोप दिला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली, घसरली आणि क्लबच बंद पडला. सात वर्षांत जमील यांनी काय सांभाळलं होतं, ते त्यांच्याशिवायच्या त्या एका मोसमाने दाखवून दिलं.

पुढचं वळण ईशान्येतलं. मिझोरमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या साधारण एक चतुर्थांश. तिथला ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून घसरला होता. मग गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, स्पर्धेत जागा रिकाम्या झाल्या आणि महासंघाने ऐझॉलला परत बोलावलं. अशा, मागच्या दाराने आत आलेल्या संघासाठी जमील यांना विचारणा झाली. जाताना त्यांनी मुंबई एफसीतून आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना सोबत नेलं. सीरियाचा महमूद अल अमना मधल्या फळीत, लायबेरियाचा अल्फ्रेड जार्यान त्याच्या मागे, आयव्हरी कोस्टचा कामो बायी पुढे, गोव्याचा आल्बिनो गोम्स गोलपोस्टमध्ये, आणि बाकी बहुतेक सगळी मिझो पोरं. संघाचा पूर्ण खर्च मोठ्या क्लबांच्या तुलनेत किरकोळ होता.

इथे जमील यांची जुनी पद्धत नव्या मातीत रुजली. मुंबईत जे संघाला टिकून राहायला उपयोगी पडत होतं, ते ऐझॉलमध्ये जिंकायला उपयोगी पडलं, कारण मिझो खेळाडूंच्या पायात वेग होता. बचाव घट्ट ठेवायचा, चेंडू सुटला की दोन-तीन पासमध्ये समोरच्या गोलपर्यंत धडकायचं. प्रतिहल्ला म्हणतात तो हाच. त्यात डोंगरावरचं राजीव गांधी स्टेडियम आणि गच्च भरलेली गॅलरी. कोलकात्याचे संघ तिथे येऊन दमायचे.

मोसमाच्या शेवटी शर्यत दोघांत उरली, ऐझॉल आणि मोहन बागान. २२ एप्रिल २०१७ ला बागान ऐझॉलला आले. ८३ व्या मिनिटापर्यंत गोल नाही. मग बचावपटू झोहमिंगलियाना राल्तेने हेडरने चेंडू जाळ्यात घातला. १-० ने सामना जिंकून ऐझॉल तीन गुणांनी पुढे गेलं. आता शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजोंगविरुद्ध बरोबरी पुरणार होती. ३० एप्रिलला लाजोंगने सुरुवातीलाच गोल केला. तिकडे कोलकात्यात बागानने आपला सामना जिंकला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि उरलेला वेळ ऐझॉलने कसाबसा खेळून काढला. १८ सामन्यांत ३७ गुण, बागानचे ३६. देशाची सर्वोच्च साखळी जिंकणारा ईशान्य भारतातला हा पहिला क्लब. आदल्या वर्षी घसरलेला संघ दुसऱ्या वर्षी विजेता होतो, हे जगातही क्वचित घडतं. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने बरोबर एक वर्ष आधी असाच चमत्कार केला होता, म्हणून ऐझॉलला भारताचं लेस्टर म्हटलं गेलं. तुलना थोडी ऐझॉलवर अन्याय करणारी आहे. लेस्टर घसरलं नव्हतं.

या यशानंतर कोलकात्याचं बोलावणं येणारच होतं. ईस्ट बंगालने मोठ्या मानधनावर नेलं. लीगमध्ये चौथा क्रमांक, सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळूरूकडून पराभव. वर्षभरात रामराम. २०१९ च्या सुरुवातीला मोहन बागानने मोसमाच्या मधेच त्यांना आणलं आणि मोसम संपताच सोडलं. कोलकात्यात दुसरा क्रमांक म्हणजे अपयश, आणि तिथले चाहते देखण्या खेळाचेही भुकेले. कमी साधनांत टिकून राहण्याची विद्या तिथे कोणी मागितलीच नव्हती.

दरम्यान देशाचं फुटबॉल बदललं होतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पैसा होता, दूरचित्रवाणी होती आणि प्रत्येक बाकावर परदेशी मुख्य प्रशिक्षक होता. भारतीय माणूस त्यांच्या शेजारी सहायक म्हणून बसायचा: खेळाडूंना हिंदीत समजावून सांगायला, शंकू मांडायला, आणि साहेबांना काढलं की उरलेले सामने सांभाळायला. या शेवटच्या कामाला हंगामी प्रशिक्षक म्हणतात. जमील नॉर्थईस्ट युनायटेडकडे गेले ते याच रांगेत. २०२० मध्ये क्रोएशियाच्या रॉबर्ट यार्नी यांच्यानंतर ते काही सामने हंगामी होते. जानेवारी २०२१ मध्ये स्पेनच्या जेरार्ड नूस यांना काढल्यावर पुन्हा हंगामी. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात बंदिस्त वातावरणात चालले होते. जमील यांनी सूत्रं घेतल्यावर साखळी संपेपर्यंत संघ एकही सामना हरला नाही आणि उपांत्य फेरीत गेला. तिथे मोहन बागानने रोखलं. त्या संघाचा कर्णधार होता अवघ्या विशीतला मिझो मुलगा आपुइया.

त्या ऑक्टोबरमध्ये क्लबने त्यांना कायम केलं. आयएसएल सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक! पण आपुइयासारखे मोहरे निघून गेले होते. अकरा संघांत नॉर्थईस्ट दहाव्या क्रमांकावर राहिलं आणि कायमपण तिथेच संपलं. मग आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एफसी बंगळूरू युनायटेडकडे. आयएसएलमधून तिथे उतरायला कमीपणा वाटला असता तर कोणी नवल केलं नसतं. ते गेले आणि काम करत राहिले.

हंगामी खुर्चीवर बसलेले ते एकटे नव्हेत. गोव्याच्या आर्मांदो कोलासो यांनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एवढा मोठा वाटा असलेला दुसरा प्रशिक्षक शोधावा लागेल. त्यांना २०११ मध्ये राष्ट्रीय संघ मिळाला तो प्रशिक्षक बॉब हाउटन गेल्यावर, काही महिन्यांपुरता. त्यांच्यानंतर आलेल्या मेदेरांनी डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला हरवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. पुढच्या मार्चमध्ये काठमांडूत एएफसी चॅलेंज कपमधले तिन्ही सामने गेले आणि नेदरलँड्सचे विम कूफरमान्स आले. २०२३ मध्ये बंगळूरूच्या सॅफ स्पर्धेत प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळालं, तेव्हा लेबनॉनविरुद्धचा उपांत्य आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना मैदानालगत उभं राहून सांभाळला तो गोव्याच्या महेश गवळी यांनी. भारत जिंकला. मथळ्यांत गवळी फारसे दिसले नाहीत.

भारतीयांना असं हंगामी ठेवण्यात केवळ परदेशाचं आकर्षण आहे असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. प्रशिक्षकाला शिकून परवाने मिळवावे लागतात. सुरुवात ‘डी’ परवान्यापासून, मग सी, बी, ए आणि सर्वांत वर आशियाई महासंघाचा ‘प्रो’. पहिला अभ्यासक्रम काही दिवसांत उरकतो. वरचे टप्प्याटप्प्याने, मधे प्रत्यक्ष संघ सांभाळून आणि पदरचे पैसे घालून पुरे करावे लागतात. पंढरपूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक सुब्रोतो कपसाठी मुलं तयार करतो: आधी तालुका, मग जिल्हा, मग पुणे विभाग. त्याला ‘डी’ परवाना घेणं जमण्यासारखं आहे, त्याची सोय राज्य संघटना विफा करते. पण ‘बी’, ‘ए’ साठी हाताशी नियमित खेळणारा संघ हवा. आपल्या भागात तसं फुटबॉल बघायचं तर कोल्हापूर गाठावं लागतं, जिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरून टाकतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. जमील यांनी प्रो परवान्यापर्यंतची वाट मुंबई एफसीच्या रोजच्या कामातून काढली. रोज सकाळी समोर संघ असणं, ही त्यातली खरी चैन होती.

डिसेंबर २०२३ च्या अखेरच्या दिवशी पुन्हा हाक आली. जमशेदपूर एफसी गुणतक्त्याच्या तळाकडे घसरत होती आणि इंग्लंडच्या स्कॉट कूपर यांना नारळ दिला गेला होता. जमील यांनी संघ सावरला. पुढच्या, २०२४-२५ च्या मोसमात जमशेदपूर पाचव्या क्रमांकावर आली, बाद फेरीत जुन्या नॉर्थईस्टला २-० ने हरवलं आणि उपांत्य फेरीचा पहिला सामना मोहन बागानसारख्या धनाढ्य संघाकडून २-१ ने जिंकला. कोलकात्यातल्या परतीच्या लढतीत एकूण गोल बरोबरीत असताना, भरपाई वेळेत, बागानच्या एका खेळाडूने दुरून फटका मारून जमील यांचं स्वप्न मोडलं. तो खेळाडू आपुइया होता. नंतर सुपर कपच्या अंतिम सामन्यातही एफसी गोवाने हरवलं. तरीही महासंघाचा वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोनदा मिळाला.

म्हणून ऑगस्ट २०२५ ची निवड कोणाला खटकली नाही. वेळ मात्र वाईट होती. आयएसएलचे व्यावसायिक करार अडकले होते, नवा मोसम सुरू होणार की नाही हेच ठाऊक नव्हतं, क्लबांचे सराव थंडावले होते आणि मोहन बागानने आपले खेळाडू शिबिराला सोडले नाहीत. महिन्याभरात ताजिकिस्तानात मध्य आशियाई महासंघाचा काफा नेशन्स कप. २९ ऑगस्टला जमील यांच्या भारताने यजमानांना त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंचे. इराणने तीन गोल चढवले, अफगाणिस्तानशी गोलशून्य. तिसऱ्या जागेसाठी क्रमवारीत पन्नासहून अधिक पायऱ्या वर असलेल्या ओमानला १-१ नंतर पेनल्टींवर नमवलं. थकलेला, तुटपुंजा संघ आणि घट्ट बचाव. मुंबई एफसी पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटलं असणार.

मग ऑक्टोबर आला. सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळत रहीम अलीच्या शेवटच्या मिनिटांतल्या गोलने बरोबरी. पाच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताच्या छांगतेने आघाडी मिळवून दिली आणि सिंगापूरने दोन गोल करून ती पुसून टाकली. २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. त्यांच्याकडून बावीस वर्षांनी झालेला पराभव.

हा पराभव फक्त जमील यांच्या माथी मारता येणार नाही, पण त्यांना तो झटकताही येणार नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात वर्षाकाठी मोजके दिवस. क्लबमध्ये रोज घासून-पुसून ज्या सवयी लावता येतात, त्या इथे आठवड्याभरात लागत नाहीत. शिवाय बलाढ्य ओमानसमोर मागे थांबून खेळणं वेगळं, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर सिंगापूरविरुद्ध स्वतः पुढे जाऊन गोल काढणं वेगळं. जमील यांची आजवरची कमाई पहिल्या प्रकारच्या सामन्यांतली आहे. दुसऱ्या प्रकारचं उत्तर त्यांना मडगावात सापडलं नाही.

महाराष्ट्रापुरता प्रश्न आणखी जवळचा आहे. जमील ज्या पायऱ्यांवरून चढले, त्या आता जागेवर नाहीत. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया परवान्याच्या अटींमुळे २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेली. परेरांनी २०१२-१३ मध्ये उपविजेतेपदापर्यंत नेलेला पुणे एफसी काही वर्षांत गुंडाळला गेला. भारत एफसी एका मोसमात आटोपला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये संपले. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबई सिटी एफसी तेवढा उभा आहे, दोनदा आयएसएल चषक जिंकलेला. त्याचे पहिल्या अकरा मोसमांतले सातही कायम मुख्य प्रशिक्षक इंग्लंड, फ्रान्स, कोस्टारिका, पोर्तुगाल, स्पेन, पुन्हा इंग्लंड आणि चेक प्रजासत्ताकातून आले. मुंबईतल्या जमील यांनी मुंबईच्या संघासाठी शेवटचा सामना आखला तो २०१६ मध्ये.